मंगळवारी निघून सोमवारी पोहोचणे

प्रशांत महासागराच्या मध्यभागी असलेले हवाई द्वीपसमूहातील होनोलुलू आणि त्याच महासागराच्या पश्चिम अंगास, फिलिपाइन्सच्या अलीकडे असलेले गुआम, या दोन ठिकाणी आज अमेरिकेचाच अंमल आहे; दोहोंच्या दरम्यान विमाने नित्य ये-जा करतात आणि वाटेत पाण्यावाचून दुसरे जवळजवळ काहीच नाही. या प्रवासाच्या वेळापत्रकातील दोन ओळी मात्र प्रथमच वाचणाऱ्यास मुद्रणदोष वाटाव्यात अशा असतात. होनोलुलूहून सोमवारी दुपारी ३ वाजता निघालेले विमान गुआमला मंगळवारी सायंकाळी पावणेसात वाजता उतरते. आणि गुआमहून मंगळवारी सकाळी ७ वाजता सुटलेले विमान होनोलुलूस सोमवारी सायंकाळी सव्वासहा वाजता पोहोचते. (हिशेब सुकर व्हावा म्हणून मिनिटे येथे थोडी सोयीची धरली आहेत; प्रत्यक्ष वेळा यांच्याच आसपासच्या असतात.)

पहिल्या ओळीवरून प्रवासास पावणेअठ्ठावीस तास लागले असे दिसते. दुसऱ्या ओळीवरून तोच प्रवास निघण्याच्या पावणेतेरा तास आधीच संपलेला दिसतो. दोन गावांमधले अंतर जाताना एक आणि येताना दुसरे असे असू शकत नाही, आणि विमान काळाच्या उलट दिशेने उडत नाही, हे तर आपण सारे जाणतो. तेव्हा या दोन ओळींच्या पोटात अंतर किती, वारा किती आणि घड्याळाची करामत किती, हे वेगवेगळे करून पाहणे हाच या लेखाचा उद्देश आहे. आणि आनंदाची गोष्ट अशी की, एवढ्यासाठी शाळेत शिकलेली बेरीज-वजाबाकी पुरेशी आहे.

जाणे अधिक येणे

समजा, एखादा गृहस्थ आपल्या घरच्या भिंतीवरील घड्याळ पाहून परगावी निघाला, आणि तेथे पोहोचल्यावर त्याने तेथील घड्याळात वेळ पाहिली. ते घड्याळ घरच्यापेक्षा किती पुढे वा मागे आहे याची त्यास मुळीच कल्पना नाही. म्हणून प्रवासास किती वेळ लागला याचा त्याचा अंदाज चुकणार हे उघड आहे. परंतु परत निघताना त्याने पुन्हा त्याच परक्या घड्याळात पाहिले आणि घरी येऊन घरच्या घड्याळात पाहिले, तर जातानाच्या हिशेबात जी तफावत अधिक धरली गेली, तीच येतानाच्या हिशेबात नेमकी तितकीच उणी होते. दोन्ही चुकीच्या आकड्यांची बेरीज बरोबर येते!

आपल्या दोन ओळींना हाच न्याय लावू. पावणेअठ्ठावीस तास जमेस, पावणेतेरा तास खर्ची. शिल्लक राहिले १५ तास. म्हणजे जाऊन-येऊन विमान हवेत आणि धावपट्टीवर मिळून १५ तास चालते, आणि एका फेरीस सरासरी साडेसात तास पडतात. घड्याळांची तफावत २० तासांची आहे एवढे बाहेरून कळले की पुढचेही उलगडते: पावणेअठ्ठाविसातून २० वजा केले की जाण्यास पावणेआठ तास, आणि उणे पावणेतेरात २० मिळवले की येण्यास सव्वासात तास. वारांच्या घोळाचे सारे गूढ या एका वजाबाकीत बाजूला निघाले. आता प्रश्न उरले ते तीन. साडेसात तासच का? जाताना अर्धा तास अधिक का? आणि ही २० तासांची तफावत आली कोठून?

दोरा आणि गोल

माझ्या मेजावर ३० सेंटिमीटर व्यासाचा एक पृथ्वीगोल आहे. त्यावर होनोलुलूच्या ठिकाणी दोऱ्याचे एक टोक अंगठ्याने दाबून धरावे, दुसरे टोक गुआमवर न्यावे आणि दोरा हलकेच ताणावा. ढिला दोरा प्रथम गोलावर इकडेतिकडे सरकतो आणि ताण पुरेसा होताच एका जागी स्थिरावतो. त्याहून आखूड वाट त्या दोन ठिकाणांमध्ये असूच शकत नाही. हा दोरा तसाच पुढे गोलाला पूर्ण वेढा घालीत नेला, तर गोलाचे दोन समसमान भाग होतील; अशा वर्तुळास भूगोलात बृहद्‌वृत्त म्हणतात. कलिंगड नेमके मधोमध कापताना सुरी ज्या वर्तुळावरून फिरते, ते बृहद्‌वृत्त. विषुववृत्त हे त्याचेच एक उदाहरण होय.

माझ्या गोलावर तो दोरा साडेचौदा सेंटिमीटरांस किंचित कमी भरला. या गोलावरील एक सेंटिमीटर म्हणजे पृथ्वीवरील सुमारे ४२५ किलोमीटर. त्या मानाने अंतर निघाले सुमारे ६,१०० किलोमीटर. अक्षांश-रेखांशांवरून गणिताने काढलेले अंतरही ६,११० किलोमीटरांच्या आसपासच येते. विमान ज्या अकरा किलोमीटर उंचीवरून जाते ती उंची या गोलावर पाव मिलिमीटराइतकी, म्हणजे साध्या शिवणाच्या दोऱ्याच्या जाडीएवढीही जेमतेम भरेल, आणि सुमारे ५० किलोमीटर लांबीचे गुआम बेट सव्वा मिलिमीटराचे. एवढ्याशा ठिपक्यासाठी एवढा मोठा दोरा!

दोरा हातात असतानाच आणखी एक गोष्ट न्याहाळावी. गुआम होनोलुलूपेक्षा दक्षिणेस आहे. होनोलुलू २१ अंश उत्तर अक्षांशावर, तर गुआम साडेतेरावर. असे असूनही दोरा होनोलुलूपासून दक्षिणेकडे उतरत निघत नाही; तो प्रथम जवळजवळ नेमका पश्चिमेस, किंबहुना तसूभर उत्तरेकडे झुकून निघतो, आणि मग हळूहळू डावीकडे वळत गुआमपाशी पोहोचेपर्यंत त्याची दिशा सुमारे १८ अंशांनी बदललेली असते. दोरा तर सरळ ताणलेला आहे; वळतात त्या दिशा. कारण उत्तर-दक्षिण दाखविणाऱ्या रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे एकत्र येत जातात, आणि त्यांना छेदून जाणाऱ्या सरळ वाटेचा त्यांच्याशी होणारा कोन पावलोपावली बदलतो.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर मात्र चित्र उलटे होते. मर्केटर याने १५६९ मध्ये जी नकाशापद्धती प्रसिद्ध केली, तीत होकायंत्राची एकच दिशा धरून चालणाऱ्या गलबताची वाट सरळ रेषेत उमटते. तांडेलाच्या दृष्टीने ही फार मोठी सोय होती. परंतु त्या नकाशावरील सरळ रेषा ही सर्वांत आखूड वाट असतेच असे नाही, आणि खरी आखूड वाट तेथे धनुष्यासारखी वाकडी दिसते. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या आप्तांना निरोप देऊन आलेल्या अनेकांनी मला विचारले आहे की, विमान एवढे वळसे घेत उत्तरेकडे का जाते. वळसा विमानाचा नसून नकाशाचा आहे. एकच दिशा धरून मुंबईहून न्यूयॉर्क गाठावयाचे तर सुमारे १४,२०० किलोमीटर चालावे लागेल. बृहद्‌वृत्ताने ते अंतर सुमारे १२,५०० भरते. सतराशे किलोमीटरांची ही बचत म्हणजे सुमारे दोन तासांचे उड्डाण वाचले.

होनोलुलू-गुआम मार्गावर हीच बचत किती होते? केवळ ३० किलोमीटर. मी स्वतः आकडेमोड करून हा आकडा प्रथम पाहिला, तेव्हा कोठे तरी कसूर झाली असे समजून सारा हिशेब पुन्हा मांडला. पण तो बरोबर आहे. उष्ण कटिबंधात रेखांशाच्या रेषा एकमेकींना जवळजवळ समांतर असतात, त्यामुळे तेथे गोल आणि सपाट नकाशा यांचे फारसे वाकडे नाही. ध्रुवाकडे जावे तसतसे ते वाढत जाते. ‘विमाने नेहमी वक्र मार्गाने जाऊन पुष्कळ अंतर वाचवितात’ हे सरसकट विधान म्हणूनच सर्वत्र सारखेच खरे नाही.

वाऱ्याचा जमाखर्च

मोठे प्रवासी विमान ३५,००० फुटांवर ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने हवा कापीत जाते. हा वेग ध्वनीच्या वेगाच्या पाच-षष्ठांश एवढा असतो. त्याहून वेग वाढविण्यास गेले की पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा रोध एकाएकी वाढू लागतो आणि इंधनाचा खर्च डोईजड होतो. म्हणून जवळजवळ सारी विमाने याच वेगाच्या आगेमागे राहतात. ६,११० किलोमीटरांस ९०० ने भागले की पावणेसात तासांहून दोन मिनिटे अधिक येतात. वेळापत्रकाची सरासरी साडेसात तासांची. मधली सुमारे ४२ मिनिटे कोठे गेली?

ती जमिनीशी जडलेली आहेत. दरवाजे लावून विमान आपल्या जागेवरून हलले की वेळापत्रकाचा काळ सुरू होतो; धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, पाळी येईतो थांबणे, उंची गाठेपर्यंतचा मंद वेग आणि तसेच उतरतानाचे सारे त्यात येते. विमान शक्यतो वाऱ्यास सामोरे जाऊनच उडते. पतंग उडविणारा मुलगा वाऱ्याकडे तोंड करून धावतो, कारण त्याने पतंगाखालून वाहणारी हवा वाढते. विमानाच्या पंखांचेही तेच. होनोलुलूस वर्षाचे बहुतेक दिवस ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात आणि तेथील मुख्य धावपट्ट्या त्या वाऱ्याच्या धोरणानेच पूर्व-पश्चिम आखलेल्या आहेत. त्यांपैकी एक तर १९७७ मध्ये समुद्रातील प्रवाळखडकावर भराव घालून बांधलेली आहे. तेव्हा पश्चिमेस गुआमला निघालेले विमान बहुधा प्रथम पूर्वेकडे धावते, समुद्रावर वळण घेते आणि मग आपल्या वाटेस लागते.

आता अर्ध्या तासाच्या फरकाकडे वळू. विमानाचा ताशी ९०० चा वेग हा हवेच्या मानाने असतो, जमिनीच्या मानाने नव्हे. आणि हवा स्वतःच वाहत असते. नदीच्या ओघाबरोबर जाणारी होडी आणि ओघाविरुद्ध येणारी होडी यांत नावाडी सारखाच वल्हवीत असला तरी काठावरून पाहणाऱ्यास वेग निराळे दिसतात, तसाच हा प्रकार. वेळापत्रकात पश्चिमेस जाताना अर्धा तास अधिक लागतो, यावरून त्या उंचीवर वारा एकंदरीत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो हे सिद्ध झाले. किती वेगाने, तेही काढता येते: ताशी ३३ किलोमीटर. कारण ८६७ ने भागले तर सात तास तीन मिनिटे येतात, ९३३ ने भागले तर सहा तास तेहतीस मिनिटे. दोहोंत ४२ मिनिटे मिळविली की पावणेआठ आणि सव्वासात ही दोन्ही उत्तरे हाती पडतात. ज्याने आकाशात एक फुगाही सोडलेला नाही, त्यास घरबसल्या वेळापत्रकावरून वाऱ्याची सरासरी गती कळावी, ही गोष्ट मला फार मनोहर वाटते.

वारा जाताना जेवढे घेतो तेवढेच येताना परत देतो, असा एक समज आहे; तो खरा नाही. समजा, हाच वारा ताशी १०० किलोमीटरांचा आहे, आणि अंतर सोयीसाठी ६,१०० किलोमीटर धरले. जाताना ८०० च्या वेगाने सात तास साडेसदतीस मिनिटे लागतील, येताना १,००० च्या वेगाने सहा तास सहा मिनिटे; बेरीज तेरा तास साडेत्रेचाळीस मिनिटे. वारा अजिबात नसता तर तीच बेरीज तेरा तास तेहतीस मिनिटे झाली असती. दहा मिनिटे बुडीत गेली. विमान प्रतिकूल वाऱ्यात अधिक काळ आणि अनुकूल वाऱ्यात कमी काळ राहते, म्हणून तोट्याचे तास नफ्याच्या तासांहून नेहमी जास्त भरतात.

परंतु येथे एक विसंगती उभी राहते. होनोलुलूस आणि गुआमला समुद्रकाठी उभे राहिले तर वारा पूर्वेकडूनच येतो. या वाऱ्यांच्या भरवशावर स्पेनची गलबते अडीचशे वर्षे मेक्सिकोतील आकापुल्कोहून निघून गुआमला पाणी-शिधा घेऊन मनिलास जात. पश्चिमेचा तो प्रवास सुमारे तीन महिन्यांत सुखाने उरके. परत येणे मात्र महाकठीण होते. १५६५ मध्ये उर्दानेता या दर्यावर्दी धर्मगुरूने उत्तरेकडे चढून पश्चिमी वारे गाठण्याची वाट दाखविली, तेव्हा कोठे परतीचा मार्ग खुला झाला. म्हणजे गलबताला पश्चिमेस जाणे सोपे, तर विमानाला तेच जड! एकाच समुद्रावर खाली एक वारा आणि वर दुसरा, असे का व्हावे?

याचे उत्तर ज्याने चालत्या बसमधून उडी मारली आहे त्याच्या पायांस ठाऊक आहे. गाडीबरोबर आपल्यालाही वेग असतो, आणि जमिनीवर पाय टेकताच तो वेग आपल्याला पुढे ढकलतो. विषुववृत्तावरील जमीन पृथ्वीच्या परिवलनामुळे ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते. ३० अंश अक्षांशावर हाच वेग सुमारे १,४५० असतो, कारण तेथील वर्तुळ लहान. विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढते आणि उंचावरून ध्रुवांकडे वाहू लागते. ती जलद फिरणाऱ्या भूमीवरून मंद फिरणाऱ्या भूमीवर येते, म्हणून पूर्वेकडे पुढे पडते. हाच वरचा पश्चिमी वारा. उलट, थंड होऊन खाली उतरलेली हवा जमिनीलगत विषुववृत्ताकडे परतताना मंद भूमीवरून जलद भूमीवर येते आणि मागे राहते. तोच आपल्याला पूर्वेकडून येणारा व्यापारी वारा भासतो. एकाच रहाटगाडग्याच्या या वरच्या आणि खालच्या बाजू आहेत. रहाटाची ही कल्पना इंग्लंडमधील हॅडली याने १७३५ मध्ये मांडली. पुढील संशोधनाने तीत पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण मूळ सांगाडा टिकून आहे.

वरचा वारा ३० अंशांच्या सुमारास सर्वांत प्रखर होतो, आणि त्याच्या अरुंद, वेगवान पट्ट्यास जेट प्रवाह म्हणतात. जपानच्या तातेनो वेधशाळेतील ओइशी वासाबुरो या शास्त्रज्ञाने फुगे सोडून तो मोजला आणि आपला अहवाल १९२६ मध्ये, सर्व जगास वाचता यावा या उदात्त हेतूने, एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केला. परिणामी तो फारच थोड्यांनी वाचला. अठरा वर्षांनी, १९४४ च्या नोव्हेंबरात, गुआमच्याच शेजारच्या सायपान बेटावरून टोकियोवर निघालेल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना ताशी २०० किलोमीटरांहून अधिक वेगाच्या या प्रवाहाने गाठले, आणि उंचावरून अचूक मारा करण्याचा त्यांचा बेत पार विसकटून गेला.

---

चौकट: हिशेबाचे टिपण

होनोलुलू ते गुआम, आखूड वाटेने: सुमारे ६,११० कि.मी.
वारा नसता लागणारा काळ, ताशी ९०० कि.मी. वेगाने: ६ तास ४७ मिनिटे
जमिनीवरील हालचाल, चढण व उतरण: सुमारे ४२ मिनिटे
पश्चिमेस जाताना: पावणेआठ तास; पूर्वेस येताना: सव्वासात तास
घड्याळांची तफावत: २० तास, गुआम पुढे

---

हरवलेला वार

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५. होनोलुलूपासून पश्चिमेस गुआम ५७ अंशांवर आहे. म्हणून सूर्य होनोलुलूच्या माथ्यावर आल्यानंतर पावणेचार तासांहून थोड्या अधिक काळाने तो गुआमच्या माथ्यावर येतो. व्यवहारात हा फरक पूर्ण ४ तासांचा धरला आहे. होनोलुलूस दुपारचे १२ वाजले असता गुआमला सकाळचे ८ वाजलेले असतात. येथवर सारे सरळ आहे. पण होनोलुलूस सोमवार असेल तर गुआमला मंगळवार असतो. काटे ४ तास मागे, आणि वार एक दिवस पुढे. चोवीसातून चार गेले, वीस राहिले. एवढेच त्या तफावतीचे मर्म.

वार पुढे का? पृथ्वी गोल आहे आणि वार हे ओळीने येतात, या दोन गोष्टींचा मेळ कोठे तरी तोडावाच लागतो. पूर्वेकडे एकेक तास पुढे आणि पश्चिमेकडे एकेक तास मागे असे करीत दोन माणसे ग्रीनिचहून विरुद्ध दिशांनी निघाली, तर पृथ्वीच्या पाठीमागे ती एकमेकांस भेटतील तेव्हा त्यांच्या दैनंदिनीत बरोबर एका दिवसाचे अंतर पडलेले असेल. बांगडी जेथे जोडलेली असते तेथे सांधा दिसतोच. कालगणनेच्या बांगडीचा तो सांधा म्हणजे आंतरराष्ट्रीय वाररेषा.

हा सांधा माणसाला प्रथम कळला तो एका अत्यंत कष्टमय प्रवासाअंती. मॅगेलनचा तांडा १५१९ मध्ये स्पेनहून निघाला, प्रशांत महासागर ओलांडताना उपासमारीने खंगला, आणि ६ मार्च १५२१ रोजी त्यास जी भूमी लागली ती याच मारियाना बेटांची, ज्यांत गुआम सर्वांत मोठे. मॅगेलन पुढे फिलिपाइन्समध्ये मारला गेला. १५२२ च्या जुलैत उरलेसुरले खलाशी केप व्हर्ड बेटांशी आले, तेव्हा त्यांच्या हिशेबाने तो बुधवार होता आणि किनाऱ्यावरील लोक गुरुवार म्हणत होते. पिगाफेत्ता हा त्यांच्यातील बखरकार रोजच्या रोज नोंद ठेवीत असे आणि त्यात एकाही दिवसाचा खंड नव्हता; त्याचे आश्चर्य आपण समजू शकतो. चूक त्याच्या दप्तरात नव्हती. ते तीन वर्षे सूर्याच्या मागोमाग पश्चिमेकडे जात होते, त्यामुळे त्यांचा प्रत्येक दिवस २४ तासांहून कणभर मोठा होता. त्या कणांचा साठून एक अख्खा दिवस झाला होता. आजचा प्रवासी तोच दिवस पावणेआठ तासांच्या एका बैठकीत ओलांडतो.

वाररेषा निसर्गाने आखलेली नाही. ती राज्यकर्त्यांच्या सोयीने वाकते. फिलिपाइन्समध्ये स्पॅनिश लोक अमेरिकेच्या बाजूने आले, म्हणून तेथे शतकानुशतके अमेरिकेचीच तारीख चालू राहिली. १८४४ चा ३१ डिसेंबर गाळून ती सुधारण्यात आली. सामोआ देशाचा व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी वाढला, म्हणून २०११ मध्ये त्याने ३० डिसेंबरचा शुक्रवार आपल्या पंचांगातून काढून टाकला. त्याच्या शेजारचे अमेरिकी सामोआ मात्र जुन्याच बाजूस राहिले. दोहोंचे विमानतळ दीडशे किलोमीटरांच्या आतबाहेर आहेत, आणि आज त्यांच्या घड्याळांत पूर्ण २४ तासांचे अंतर आहे. काटे तंतोतंत जुळतात, वार जुळत नाही. आपल्याकडेही १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ सुरू झाल्यावर मुंबई शहराने आपली ३९ मिनिटे मागची स्थानिक वेळ दीर्घकाळ सोडली नव्हती, हे ज्यांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले असेल, त्यांना घड्याळ हा केवळ सूर्याचा विषय नाही हे पटवून द्यावे लागणार नाही.

वैमानिकाच्या पुढ्यातील घड्याळ मात्र या सर्वांपासून अलिप्त असते. त्यात ग्रीनिचवर आधारलेली एकच विश्ववेळ चालते. इंधन, वारा, अंतर, सर्वांचा हिशेब तीतच होतो, आणि विमान वाररेषा ओलांडते तेव्हा त्या घड्याळात काहीही घडत नाही.

मधली बेटे

आज जे अंतर एका झेपेत तुटते, ते १९३५ मध्ये तुटत नव्हते. त्या वर्षी २२ नोव्हेंबरला पॅन अमेरिकन कंपनीचे ‘चायना क्लिपर’ हे पाण्यावर उतरणारे विमान टपाल घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले. होनोलुलू, मिडवे, वेक, गुआम असे मुक्काम करीत २९ तारखेस मनिलास पोहोचले, आणि सर्व मिळून जवळजवळ साठ तास हवेत होते. मिडवे आणि वेक ही एकाकी प्रवाळबेटे. तेथे आधी जहाजाने माणसे, इंधन, पिण्याचे पाणी, राहण्याची घरे, सारे नेऊन तजवीज करावी लागली. होनोलुलूपासून गुआमपर्यंत या वाटेने अंतर सुमारे ६,४०० किलोमीटर, म्हणजे आखूड वाटेपेक्षा तीनशेच अधिक. निसर्गाने ही बेटे जणू दोऱ्याच्या जवळपास ओवून ठेवलेली होती. नसती, तर ती सेवा सुरूच होऊ शकली नसती.

त्या विमानाचा मार्गदर्शक होता फ्रेड नूनन. खाली खूण नाही, किनारा नाही. रात्री ताऱ्यांची उंची मोजून आणि लाटांवरून वाऱ्याचा अदमास घेऊन तो आपली जागा ठरवी. या कामाची जोखीम एका आकड्याने कळेल: होनोलुलूहून निघताना दिशेत एका अंशाची चूक झाली आणि ती तशीच राहिली, तर गुआमच्या रेषेत पोहोचेपर्यंत विमान सुमारे शंभर किलोमीटर बाजूला गेलेले असेल, आणि बेट नजरेआड निघून जाईल. नूननने क्लिपर बिनचूक नेले. दीड वर्षाने, २ जुलै १९३७ रोजी, अमेलिया इअरहार्टबरोबर तो हाउलंड नावाच्या जेमतेम दोन-अडीच किलोमीटर लांबीच्या बेटाच्या शोधात होता; ते बेट त्यांना सापडले नाही, आणि ती दोघेही पुन्हा कोणास दिसली नाहीत.

आजही ही बेटे नकाशावरून पुसता येत नाहीत. दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन बंद पडले तर उरलेल्या एकाच्या बळावर ठराविक मुदतीत विमानतळ गाठता आला पाहिजे, असा दंडक आहे. १९५३ मध्ये अमेरिकेत ही मुदत ६० मिनिटांची होती. इंजिने भरवशाची ठरत गेली तशी १९८५ मध्ये ती १२० आणि पुढे १८० मिनिटांपर्यंत वाढली. रात्री गावच्या रस्त्याने जाताना एका दिव्याचे वर्तुळ संपते तेथे दुसऱ्याचे सुरू झालेले असावे, तशी प्रत्येक विमानतळाभोवती या मुदतीची वर्तुळे काढून त्यांच्या आतूनच मार्ग आखतात. मिडवेची धावपट्टी याच कारणासाठी राखून ठेवलेली आहे. तेथे आज मुख्यतः समुद्रपक्ष्यांचीच वस्ती आहे.

दोन विमानतळांच्या मधोमध आल्यावर पुढे जावे की मागे फिरावे, याचाही निर्णय वाराच करतो. अंतराने मध्य ३,०५० किलोमीटरांवर आहे. पण समोरून ताशी १०० किलोमीटरांचा वारा असेल, तर मागे फिरणे जलद आणि पुढे जाणे मंद होते. म्हणून दोन्हीकडे सारखाच वेळ लागेल असे ठिकाण सुमारे ३,३९० किलोमीटरांवर, म्हणजे मध्याच्या बरेच पलीकडे सरकते. हे ठिकाण वैमानिक निघण्यापूर्वीच काढून ठेवतो.

होनोलुलूहून गुआमला जाण्याची आणखी एक वाट आहे, आणि तिने जाण्याची मला फार इच्छा आहे. १९६८ मध्ये एअर मायक्रोनेशिया या कंपनीने सुरू केलेली ही सेवा पुढे कंपन्या बदलत आजवर चालू आहे. हे विमान मजुरो, क्वाजलीन, पोनपे, चूक अशा बेटांवर, आणि काही दिवशी कोसराईलाही, उतरत उतरत गुआमला जाते. अंतर भरते सुमारे ७,००० किलोमीटर, म्हणजे सरळ वाटेहून नऊशेच अधिक. काळ मात्र चौदा-पंधरा तास, जवळजवळ दुप्पट. विनाथांबा गाडी आणि गावोगाव थांबणारी एस.टी. यांतला फरक ज्याने अनुभवला आहे त्याला याचे कारण सांगणे नको. प्रत्येक थांब्यावर उतरणे, सामान काढणे, इंधन भरणे, पुन्हा धावणे, पुन्हा चढणे. काही टप्पे इतके लहान की पुरती उंची गाठते न गाठते तोच विमान उतरू लागते. वाटेत बिघाड झाला तर दुरुस्ती करणारे दुसरे कोणी नसते, म्हणून या विमानात सुट्या भागांसह एक यंत्रज्ञ प्रवाशांबरोबर बसून जातो. मजुरोची धावपट्टी प्रवाळाच्या अरुंद पट्टीवर आहे; उतरताना एका खिडकीतून खवळलेला महासागर दिसतो आणि दुसरीतून खाजणाचे निवांत हिरवे पाणी. होनोलुलूस सोमवारी सकाळी विमानात बसलेला माणूस पहिल्याच थांब्यावर मंगळवारात उतरतो, आणि त्याच मंगळवारच्या सायंकाळी, मध्ये रात्र न होता, गुआमला पोहोचतो.